अनुभव धागा : लहानपणीचे डिस्नीलँड, आता सहकुटुंब

कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथील डिस्नीलँड १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले. वॉल्ट डिस्नी आपल्या मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधील मेरी-गो-राउंडवर नेत आणि मुली घोड्यांवर बसल्या की स्वतः बाकावर बसून राहत. मोठ्यांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी जागा का असू नये, हा विचार तिथे बसूनच सुचला, असे ते सांगत. आता त्या बाकावर बसण्याची पाळी आपल्यापैकी अनेकांची आहे. नोकरीनिमित्त अमेरिकेत आलेल्या आईवडिलांचे बोट धरून ज्यांनी हे पार्क पाहिले, ती मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत, आणि सत्तरी ओलांडलेले आईवडील व शाळकरी मुले यांना घेऊन पुन्हा तिथे जाण्याचे बेत घरोघरी शिजत आहेत.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी माहितीचा तोटा नाही. पुन्हा जाणाऱ्यांची अडचण निराळी असते, कारण त्यांच्या मनात एक पार्क आधीच उभे असते आणि प्रत्यक्षातल्या पार्कशी त्याचा मेळ घालावा लागतो. तेव्हा तारखा कशा ठरवल्या, काय पाहायचे आणि काय सोडायचे हे घरात कोणी ठरवले, ज्येष्ठांची आणि लहानग्यांची सोय कशी पाहिली, आणि जे आता तिथे नाही त्याचे काय केले, हे सविस्तर लिहावे ही विनंती. खर्चाचे आकडे सतत बदलत असल्याने त्यांत फार अडकू नये.

* * *

सुरुवात मी करते. माझ्या वडिलांना कंपनीने १९८०च्या दशकाच्या अखेरीस काही वर्षांसाठी कॅलिफोर्नियात पाठवले होते, त्यामुळे माझे प्राथमिक शाळेचे दिवस तिकडे गेले. या वेळी बेत आखताना आम्ही नकाशा बाजूला ठेवला आणि आईच्या कपाटातला जुना अल्बम काढला. फोटो जेवणाच्या टेबलावर पसरून त्यांचे तीन गठ्ठे केले : जे अजून आहे, जे बदलले आहे आणि जे गेले.

गेलेल्यांचा गठ्ठा पाहून आई जरा हिरमुसली. पार्कवरून तरंगत जाणारा स्कायवे नावाचा रोपवे १९९४ मध्ये बंद झाला, टुमॉरोलँड या विभागातली पीपलमूव्हर ही उंचावरून संथ फिरणारी गाडी १९९५ मध्ये थांबली आणि गाणाऱ्या अस्वलांचा कार्यक्रम २००१ मध्ये संपला. बदललेल्यांत पाणबुडी होती. ती १९५९ची, मधली काही वर्षे बंद राहून २००७ मध्ये निमो माशाच्या रूपात परतलेली. त्याच गठ्ठ्यात स्प्लॅश माउंटनही होता. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या राइडच्या जागी २०२४ पासून टियाना राजकन्येची राइड आहे, मात्र पाण्याचा तो शेवटचा कडा तोच आहे, आणि भिजण्याची हमीही तीच.

उरलेला गठ्ठा मात्र अपेक्षेपेक्षा जाड निघाला. डंबो, गरगर फिरणारे चहाचे कप, आर्थर राजाचे मेरी-गो-राउंड, पीटर पॅन, जंगल क्रूझ, मार्क ट्वेन नावाची वाफेवर चालणारी बोट आणि आगगाडी ही सगळी १९५५ची मंडळी आहेत. बाहुल्यांचे ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ १९६६चे, समुद्री चाच्यांची नौका १९६७ची आणि हाँटेड मॅन्शन १९६९चे. आमचा सगळा कार्यक्रम या गठ्ठ्यावरून ठरला. घरातील प्रत्येकाने त्यातला एकेक फोटो उचलायचा आणि तेवढी ठिकाणे पक्की धरायची, बाकीचे जमले तर जमले, असा नियम केला. वडिलांनी बोट उचलली, आईने बाहुल्या आणि माझ्या लेकीने, तिला आजोबांच्या बेलबॉटमचे हसू आल्यामुळे, चहाचे कप.

गेलेल्या गठ्ठ्यातलेही काही फोटो बरोबर नेले होते. पीपलमूव्हर बंद झाली तरी तिचा उंचावरचा रिकामा मार्ग टुमॉरोलँडमध्ये डोक्यावरून तसाच गेलेला दिसतो. लेकीच्या हातात फोटो देऊन त्याच्याखाली उभे केले, तेव्हा ती फोटोतल्या खांबाशी समोरचा खांब जुळवत बसली. जुन्या जागी जुन्याच पोझमध्ये फोटो काढण्याची हौस मात्र एकदोनदा पुरे, असे माझे मत आहे. उन्हात घामाघूम झालेल्या कुटुंबाला दर चौकात रांगेत उभे करून ‘आजी, जरा डावीकडे’ म्हणत राहणे कोणालाच सुखाचे नसते.

* * *

ताईंची गठ्ठ्यांची पद्धत आवडली. आमच्याकडे प्रश्न वडिलांच्या गुडघ्यांचा होता. दिवसभरात त्या पार्कमध्ये किती चालणे होते याचा अंदाज घरी बसून येत नाही. व्हीलचेअर प्रवेशद्वारापाशी भाड्याने मिळते हे ठाऊक होते, पण ‘मी काय आजारी आहे?’ हा प्रश्न येणार हेही तितकेच ठाऊक होते. म्हणून सकाळी खुर्ची घेतली ती ‘पिशव्या ठेवायला’. दुपारी जेवणानंतर पिशव्या आमच्या खांद्यांवर होत्या आणि बाबा खुर्चीत होते. त्याबद्दल कोणीही अवाक्षर काढले नाही.

ज्येष्ठांबरोबर जाणाऱ्यांना माझे आग्रहाने सांगणे आहे की आगगाडीला केवळ वाहन समजू नये. ती पार्कभोवती पूर्ण चक्कर मारते, वाटेत चार स्थानके लागतात आणि शेवटच्या टप्प्यात एका बोगद्यात ग्रँड कॅन्यनचा देखावा आणि त्यापाठोपाठ डायनोसॉर दिसतात. दुपारच्या उन्हात सावलीत बसून, वारा खात, काही न चुकवता विश्रांती घेण्याची याहून चांगली सोय मला तिथे आढळली नाही.

न्यू ऑर्लिन्स स्क्वेअरच्या स्थानकावर तारयंत्राची टकटक सतत ऐकू येते. ती उगाच वाजवलेली नसून, पार्कच्या उद्घाटनाच्या दिवशी वॉल्ट डिस्नी यांनी वाचलेल्या अर्पणपत्रिकेचे शब्द त्या टकटकीत आहेत. बाबांची सगळी नोकरी तारखात्यात गेली. भारतातली तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा त्या रात्री ते जेवले नव्हते. स्थानकाच्या कठड्यावर हात ठेवून ते बराच वेळ ऐकत राहिले आणि तर्जनी आपोआप कठड्यावर चालू लागली. मग मान हलवून म्हणाले, “ही आपली नाही, ही अमेरिकेच्या जुन्या तारांची. अक्षरे निराळी आहेत.” मी नंतर खात्री करून घेतली. तिथली सांकेतिक लिपी खरोखरच अमेरिकन मोर्स आहे आणि आपल्याकडे आंतरराष्ट्रीय मोर्स चालत असे. दोन गाड्या समोरून निघून गेल्या, तरी आम्ही तिथेच होतो. बेत आखताना अशी रिकामी जागा मुद्दाम सोडावी लागते, कारण तासातासाचा तक्ता हातात असला की बापाला कठड्यापाशी उभे राहू देण्याचे धैर्य मुलाला होत नाही.

राहण्यासाठी आम्ही हार्बर बुलेव्हार्डवरचे, पार्कपासून चालत जाण्याजोगे हॉटेल घेतले, जेणेकरून दुपारी परत येऊन झोप काढता यावी. हाँटेड मॅन्शनमध्ये सरकत्या पट्ट्यावरून चालत्या आसनात बसावे लागते. तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी सांगितले तर ते पट्ट्याचा वेग कमी करतात.

* * *

हाँटेड मॅन्शनचा उल्लेख आलाच आहे म्हणून तारखांविषयी थोडक्यात लिहितो. सणासुदीच्या दिवसांत तिथल्या काही जुन्या राइड्सना निराळा साज चढवतात. हाँटेड मॅन्शन साधारण उन्हाळ्याच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत हॅलोविन आणि नाताळ यांच्या मिश्र सजावटीत असते, बाहुल्यांचे ‘स्मॉल वर्ल्ड’ही नोव्हेंबरपासून नाताळची गाणी गाऊ लागते, आणि साज चढवताना व उतरवताना या राइड्स काही काळ पूर्ण बंद असतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला ती सजावट पर्वणी वाटेल. ज्याला लहानपणी पाहिलेले भूत जसेच्या तसे भेटायला हवे आहे, त्याने वसंतातल्या तारखा घ्याव्यात. आमच्या घरी या मुद्द्यावर दोन तट पडले होते, आणि बायकोच्या मूळ भुतांनी माझ्या नाताळच्या रोषणाईवर मात केली. याशिवाय दुरुस्तीसाठी कोणत्या राइड्स बंद राहणार आहेत याची यादी पार्कच्या संकेतस्थळावर असते, ती विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी पाहावी. ज्या एका राइडसाठी आजी साता समुद्रापलीकडून येणार आहे, तिच्याभोवती पत्रे ठोकलेले असणे बरे नव्हे.

* * *

मी थोडा विरोधी सूर लावते, राग नसावा. मुलांना आपले बालपण दाखवायचे या नादात त्यांचे बालपण चालू आहे हे आपण विसरतो, असे मला तिथे सारखे वाटत होते. माझ्या नवऱ्याला मॅटरहॉर्नचा बर्फाळ डोंगर लेकाला दाखवायचा होता. ती १९५९ची राइड म्हणजे नळीसारख्या पोलादी रुळांवर धावणारा जगातला पहिला रोलर कोस्टर, हे आम्हाला विमानातच तोंडपाठ झाले होते. पण तिथे उंचीची अट ४२ इंचांची आहे, स्पेस माउंटन आणि बिग थंडर या रोलर कोस्टरना ४० इंच लागतात, आणि आमचे चिरंजीव दोन्ही खुणांच्या खाली होते. हे आम्ही घरी दाराच्या चौकटीपाशी उभे करून मोजून घेतले होते, बूट घालून आणि न घालताही, त्यामुळे ऐनवेळी फाटकापाशी रडारड झाली नाही.

अशा कुटुंबांसाठी ‘रायडर स्विच’ नावाची सोय आहे. एक मोठे माणूस राइडवर जाते तेव्हा दुसरे मुलाजवळ थांबते, आणि नंतर त्याला पुन्हा पूर्ण रांगेत उभे न राहता जाता येते. नवरा डोंगरावर गेला आणि लेकाने तेवढ्या वेळात खाली एका बदकाशी मैत्री केली. खरे बदक. पार्कमध्ये ती मोकळी हिंडत असतात. लेक आज डिस्नीलँड म्हणजे ते बदक असेच सांगतो, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही.

व्यवहाराचे आणखी एक सांगते. तीन वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही आणि दहाव्या वर्षापासून मोठ्यांचे तिकीट लागते. वाढदिवस जवळ असेल तर तारखा ठरवताना हे लक्षात घ्यावे.

* * *

मी लहानपणी डिस्नीलँड पाहिलेले नाही. आमचे बालपण गावात गेले, आणि नव्वदच्या दशकातल्या रविवारच्या सकाळी दूरदर्शनवर हिंदीत लागणारे ‘डक टेल्स’ आणि ‘टेल स्पिन’ एवढाच आमचा डिस्नीशी संबंध होता. शेजारच्या घरी टीव्ही होता आणि दारात चपलांचा ढीग असायचा. म्हणून ‘पुन्हा जाणे’ या शब्दांवर माझा हक्क आहे का, असा विचार करून मी बरेच दिवस लिहिले नाही. पण चाळिशीत भावंडांनी मिळून बेत केला तो त्या रविवारांसाठीच.

अडचण अशी की जुन्या मंडळींच्या १९५५च्या राइड्सशी आमच्या आठवणींचा काहीच संबंध नव्हता. आमचा काळ शोधत आम्ही टूनटाउनला पोहोचलो. तो भाग १९९३ मध्ये उभा राहिला आणि २०२३ मध्ये नव्याने सजून उघडला. तिथल्या छोट्या रोलर कोस्टरवर डिस्नीच्या कार्टूनमधल्या चिप आणि डेल या खारींच्या टोळीतल्या गॅजेट या उंदरीण शास्त्रज्ञाचे नाव आहे. आम्ही चौघे पोक्त माणसे गुडघे छातीशी घेऊन त्यात बसलो, आणि धाकट्या भावाने शीर्षकगीत हिंदीत सुरू केले. मागच्या डब्यातून आणखी एक आवाज त्यात मिसळला. उतरल्यावर कळले की ते कुटुंब इंदूरचे होते. ज्यांची आठवण पडद्यावरची आहे त्यांनी यादी सालांवरून न करता पात्रांवरून करावी, एवढे मी या अनुभवावरून सांगू शकतो.

* * *

आजी या नात्याने दोन गोष्टी लिहिते. मेन स्ट्रीटवर एक लहानसे दुकान आहे, तिथे कलाकार तुमच्याकडे बाजूने पाहत काळ्या कागदातून कात्रीने तुमची छायाकृती कापून देतो. पेन्सिलीची रेघ नाही, काही नाही. कागद फिरतो, कात्री जागच्या जागी चालते आणि बघता बघता नाक, हनुवटी, अंबाडा सगळे सुटे होऊन हातात येते. माझी, लेकीची आणि नातीची अशा तीन आकृत्या एका चौकटीत लावून घेतल्या. नाक तिघींचे एकच निघाले. गर्दीची भीती वाटणाऱ्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी आणि माझ्यासारख्या शाकाहारी लोकांनी अजिबात काळजी करू नये. डोल व्हिप हे अननसाचे मऊ आइस्क्रीम खाऊन, मार्क ट्वेन बोटीच्या वरच्या मजल्यावर बसून माझी दुपार उत्तम गेली.

* * *

एक दिवस पुरतो का, असे खाली दोघांनी विचारले आहे, त्याचे उत्तर धागा काढणारी म्हणून मीच देते. तीन पिढ्या असतील तर दोन दिवस घ्यावेत, आणि शेजारचे कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर या खेपेस सोडून द्यावे. ते २००१ मध्ये जुन्या वाहनतळाच्या जागी उभे राहिले, त्यामुळे जुन्या आठवणीत तिथे बहुधा वडिलांची गाडीच उभी असेल. रांग टाळण्यासाठी जादा पैसे देऊन मिळणारा लायटनिंग लेन हा पास घ्यावा की नाही, हे तुमच्या यादीवरून ठरवावे, कारण पीटर पॅन आणि समुद्री चाचे यांना तो लागूच होत नाही. चाच्यांच्या नौकांत माणसे भराभर सामावतात, त्यामुळे ती रांग लांब दिसली तरी सरकत राहते. पीटर पॅनच्या जहाजांत मात्र थोडीच माणसे बसतात आणि लंडनच्या दिव्यांवरून होणारे ते उड्डाण काही क्षणांत संपते, तरी रांग दिवसभर हटत नाही. तेव्हा घरात कोणी तो फोटो उचलला असेल, तर फाटक उघडण्याआधी बाहेर उभे राहावे आणि किल्ल्यातून सरळ तिकडेच जावे. ज्येष्ठांनी घाई करू नये. एकाने नातवंडांना घेऊन पुढे जावे आणि बाकीच्यांनी मेरी-गो-राउंडपाशी भेटावे.