अहिराणी ‘स्टार ट्रेक’: पैसा सेटवर की मेहनत संवादांवर?

तापीकाठ, जळगाव
१९६६ ते १९६९ मधल्या मूळ ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन अंतराळ-मालिकेवर अहिराणीत १५ मिनिटांचा भाग करायचं आपल्या गटात घाटतंय. माझ्या मते निम्म्याहून जास्त पैसा सेटवर जावा. चाहत्यांनीच केलेल्या ‘स्टार ट्रेक कंटिन्यूज’चे ११ भाग (२०१३ ते २०१७) बघा. जुन्या टीव्हीसारखी ४:३ ची चौकट, करड्या भिंतींवर जेल (दिव्यापुढची रंगीत पारदर्शक फिल्म) लावून पाडलेला जांभळा-हिरवा उजेड. बघणारा लगेच अंतराळजहाजावर पोचतो. आपल्याला ६ मिमी प्लाय, मागे २×१ इंची लाकडी फ्रेम आणि मॅट डिस्टेंपर पुरेल. ऑइलपेंट नकोच, तो चकाकतो आणि जेलचा रंग फिका पडतो.

केळीपट्टा, रावेर
साफ विरोध. मूळ मालिकेतसुद्धा जहाजावरच्या डॉक्टर मॅकॉयची काही उपकरणं म्हणजे मिठाच्या डब्या होत्या, आणि ‘आपोआप’ सरकणारी दारं पडद्याआडून माणसं ओढायची. तरी ती मालिका टिकली, कारण परग्रहावरच्या वंशाचा अधिकारी स्पॉक याचा तर्क आणि मॅकॉयची कळवळ दोन्ही खरी असतात आणि निर्णय कॅप्टन कर्कला घ्यावा लागतो. हा पेच कागदावर उतरला नाही तर प्लाय कितीही गुळगुळीत असू द्या, उपयोग शून्य. मॅकॉय अहिराणी बोलेल, स्पॉक पुस्तकी प्रमाण मराठी. फरक कानालाच कळेल.

लळिंग किल्ला, धुळे
इथे मात्र चुकता आहात भाऊ. तर्क प्रमाण भाषेत आणि भावना बोलीत, ही वाटणीच मला मान्य नाही. बहिणाबाईंनी लेवा गणबोलीत जगण्याचं तत्त्वज्ञान मांडलं, मग अहिराणीत तर्क का नाही बसणार? स्पॉकनेही अहिराणीच बोलावी. वाक्य पूर्ण, आवाज सपाट, मध्ये हेल नाही. समोर काहीतरी अजब दिसलं की मॅकॉय ओरडतो, “हाई काय शे भो?” आणि स्पॉक त्याच बोलीत शांतपणे मोजमाप सांगतो. मालिकेचा गाभा त्या शांतपणात आहे.

केळीपट्टा, रावेर
बोलीबद्दलचं पटलं. सेटबद्दलचं माझं मत तेच.

यार्डातला सिग्नल, भुसावळ
सेट करा किंवा करू नका, पण मे महिन्यात शूटिंग नको. पारा ४४-४५ ला गेला की दुहेरी टेप सुटते, ग्लूगनचे जोड मऊ पडतात, सनबोर्ड वाकतो. कूलर चालू ठेवला तर संवाद वाया, बंद ठेवला तर मेकअप वाहतो. डिसेंबरातल्या रात्री घ्या. प्लायच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून कॅमेऱ्यामागे चार-पाच गोधड्या टांगा. सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० ठेवा. डिमर लावलेल्या स्वस्त एलईडी पट्ट्या चित्रात पट्टे पाडतात, त्या डिमरशिवाय थेट १२ व्होल्ट डीसीवर चालवा.

ट्रान्सपोर्टरची (माणसाला क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्राची) चमचम मूळ मालिकेत अ‍ॅल्युमिनियमची भुकटी प्रखर उजेडात पाडून, उलट्या कॅमेऱ्याने स्लो मोशनमध्ये टिपली होती. आपण भुकटी वापरायची नाही: हवेत उडाली की पेट घेऊ शकते आणि छातीत जाते. रांगोळीच्या दुकानातली चमकी काळ्या कापडासमोर १०० फ्रेमने घ्या आणि संकलनात माणसावर चढवा.

तापीकाठ, जळगाव
डिसेंबर मान्य. चाहत्यांच्या फिल्मसाठी मालिकेच्या हक्कदारांनी जून २०१६ मध्ये घातलेले नियम ठरवतानाच धरा: एक भाग १५ मिनिटांचा, फार तर दोन मिळून ३०, नावात ‘स्टार ट्रेक’ नको, कुणालाही मानधन नाही. म्हणजे संहिता साधारण १५ पानांची. त्यात पेच उभा करायला वेळ कमी, म्हणूनच जहाज पहिल्या फ्रेमपासून खरं वाटायला हवं.

केळीपट्टा, रावेर
वेळ कमी म्हणूनच तर पहिलं वाक्य वादाचं हवं! एकच भिंत उभी करा, साडेसात फूट उंच, आठ फूट रुंद. तिघं तिच्यासमोर भांडतील. उरलेला वेळ तालमींना द्या.