मदत हवी आहे : सासऱ्यांना पार्किन्सनच्या ट्रायलमध्ये घालावं का?

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातले. माझे सासरे (मी त्यांना मामाजी म्हणते) 66 वर्षांचे आहेत, सहा वर्षांपासून पार्किन्सन आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना एका नव्या औषधाच्या चाचणीत घेऊ म्हणून सांगितलंय आणि सोमवारी सहीला बोलावलंय. नवरा पुण्याला कंपनीत, घरी कागद वाचणारी मीच. चार दिवस झाले, तेच कागद पुन्हा पुन्हा वाचते आहे.

मामाजींनी तीस वर्षं पऱ्हाटी केली, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन, तोंडाला साधा रुमालही न बांधता. उजव्या हाताची बोटं गोळी वळल्यासारखी हलायला लागली तेव्हा गावात कोणी म्हणे बाहेरचं आहे, कोणी म्हणे दारू. त्या माणसाने आयुष्यात थेंब घेतला नाही. आता आठवलं की कळतं, खुणा आधीच होत्या. फोडणी करपली तरी वास येत नसे. झोपेत ओरडायचे, लाथा झाडायचे. डॉक्टर म्हणाले, हात थरथरेपर्यंत मेंदूतल्या डोपामाइन (हालचालीला लागणारं रसायन) तयार करणाऱ्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात.

थरथर लोकांना दिसते, पण त्रास त्याहून मोठा आहे. चेहरा हलत नाही, म्हणून माझा लहाना विचारतो, आबा माझ्यावर रागावले का? अक्षर मुंगीएवढं झालंय. पीककर्जाच्या कागदावर सही जुळत नाही म्हणून बँकेतून दोनदा परत पाठवलं, तेव्हा घरी येऊन जेवलेच नाहीत. रात्री कूस बदलायला सासूबाईंना उठवावं लागतं. डोपामाइनची कमी भरून काढणारी लेवोडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून चारदा आहे. गोळी चढली की वावरात चक्कर मारून येतात, उतरली की खाटेवरून दोघींनी धरून उठवायचं. आधी वरणभातावर गोळी घ्यायचे आणि ती लागायचीच नाही. डाळ-दुधातली प्रथिनं गोळीला रक्तात शिरू देत नाहीत, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं.

ट्रायल वर्षभराची आहे. सध्याच्या गोळ्या चालूच राहतील. त्यावर निम्म्या पेशंटना नवी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही माहीत नसतं. मला अडलेल्या गोष्टी अशा:

फॉर्मवर वारसाचं नाव आणि वार्षिक उत्पन्न विचारलंय. सासूबाई तिथेच रडायला लागल्या. शिवाय सहीच्या वेळी व्हिडिओ शूटिंग करणार म्हणतात. हे कशासाठी?

काही तपासण्यांना आदल्या रात्रीपासून गोळी न घेता यायचं आहे. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर, त्याआधी गावातून यवतमाळ. गोळीशिवाय ज्यांना खाटेवरून उठता येत नाही त्यांना पहाटेच्या एसटीत कसं चढवू?

डायरी भरायची आहे, दर अर्ध्या तासाला गोळी चढलेली की उतरलेली. मी दुपारी वावरात असते, घरी सासूबाई. त्यांना घड्याळ वाचता येत नाही, वेळ त्या एसटीवरून ओळखतात.

आणि सगळ्यात अवघड. मामाजी म्हणतात, "डॉक्टर सायेब सांगून रायले त करून टाकू. त्यायले का आपलं वाईट करा लागते?" त्यांना वाटतं नवीन औषध म्हणजे बरं करणारं औषध. सून म्हणून मी त्यांच्यासमोर बसून कधी फारसं बोललेली नाही. साखरेची गोळीही निघू शकते हे त्यांना कसं सांगू? न सांगता सही घेतली तर ती सही त्यांची कशी म्हणायची?

फवारणीमुळे हे झालं का, तेही कोणाला माहीत असेल तर सांगा. 2017 साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

वैनगंगाकाठ : ताई, मी ट्रायल कोऑर्डिनेटर म्हणून काम केलंय. वारसाच्या रकान्याला घाबरू नका. 2019 च्या औषध चाचणी नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई द्यावी लागते. मृत्यू झाला तर भरपाई वारसाला जाते, म्हणून नाव लिहून घेतात. व्हिडिओ तर तुमच्याच बाजूचा पुरावा आहे. पेशंटला नीट समजावलं का, त्याने प्रश्न विचारले का, हे त्यात राहतं. समजावणं मराठीतच झालं पाहिजे. माहितीपत्रक आणि सही केलेल्या फॉर्मची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. पेशंटच्या हिताकडे बघणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन त्यात असतो. मधेच सोडायचं असेल तर केव्हाही सोडता येतं, त्याने नेहमीचा उपचार बंद होत नाही. ट्रायलचा सीटीआरआय (ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा) नंबर मागा, नोंदणी 2009 पासून सक्तीची आहे आणि मोबाइलवर कोणालाही पाहता येते.

फवारणीचं म्हणाल तर पॅराक्वाटसारख्या तणनाशकांचा आणि पार्किन्सनचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसलाय. पण एका माणसाला त्यामुळेच झाला असं बोट ठेवून सांगता येत नाही.

मोर्शीवाली : सासऱ्यांना खरं सांगाच. एक्झेनटाइड नावाचं मधुमेहाचं औषध आहे, 2017 च्या छोट्या अभ्यासात पार्किन्सनवर फार आशा दाखवली होती. मग ब्रिटनमध्ये 194 पेशंटवर 96 आठवडे मोठी ट्रायल झाली. 2025 मध्ये निकाल आला, काही फरक नाही. माझ्या आईच्या वेळी हे कोणी सांगितलं असतं तर ती वर्षभर रोज आरशात चेहरा बघत बसली नसती. अजून एक, घरी कवचबीजाचं चूर्ण चालू आहे का? आपल्याकडे खाजकुहिलीच्या बियांचं देतात. त्यात खुद्द लेवोडोपा असतं, 1937 सालीच आपल्या देशातल्या संशोधकांनी ते त्या बियांतून वेगळं काढलं होतं. डॉक्टरांपासून लपवू नका, डोस नकळत वाढतो.

वैनगंगाकाठ : हे बरोबर. आणि साखरेच्या गोळीनेही पार्किन्सनमध्ये काही दिवस खरंच बरं वाटतं, ते ढोंग नसतं. कॅनडातल्या संशोधकांनी 2001 मध्ये दाखवलं की नुसत्या अपेक्षेनेही मेंदूत डोपामाइन सुटतं. म्हणून तर ती गोळी ठेवावी लागते, नाहीतर औषधाचा गुण कोणता आणि आशेचा कोणता हे कळणारच नाही. एसटीचा प्रश्न मात्र सहीच्या आधी सोडवा. आदल्या रात्रीच्या मुक्कामाचा खर्च देणार का, ते लेखी घ्या.

धागाकर्ती : दोघींचेही आभार. चूर्ण चालू होतं, सासूबाई एका वैदूकडून आणत होत्या. आता बंद केलं आणि डॉक्टरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं सांगितलं, आता काही आठवडे थांबून मग पाहू. त्यामुळे सोमवारची सही पुढे गेली.

काल रात्री नवऱ्याला फोन स्पीकरवर ठेवायला सांगितलं आणि मामाजींना मीच सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग मी बरा नाही होत का?" मला बोलता आलं नाही. नवरा म्हणाला, बाबा, या रोगाला थांबवणारं औषध अजून कोणाकडेच नाही, ते शोधायलाच हे चाललंय. सकाळी चहाला बसले तेव्हा आपणहून बोलले, "दोघातून एकाले त भेटते ना? पण गोळी न खाता मी यष्टीत बसत नाही, सांगून दे त्यायले."

सांगितलं. मुक्कामाचा खर्च मिळेल, लेखी देतो म्हणाले. डायरीसाठी शेजारची अकरावीतली पोरगी दुपारी येईल. आता नागपुरात धंतोली किंवा मेडिकल चौकाजवळ तळमजल्यावरची, कमोड असलेली खोली कोणाला माहीत आहे का? जिना त्यांना चढवत नाही.