मित्राने चर्चमध्ये ऑर्गन वाजवला, आता दाद कशी देऊ?

फोंड्याचा_पेटीवाला
नमस्कार मंडळी. रविवारी पणजीत एका चर्चमध्ये माझ्या मित्राचा ऑर्गनचा कार्यक्रम होता. कॉलेजपासूनची दोस्ती, चवथीला तो आमच्याकडे, नाताळला मी त्याच्याकडे, पण त्याला असं बसून कधी ऐकलंच नव्हतं. मी भजनात पेटी वाजवतो म्हणजे आपल्याला सूर कळतो असा आपला एक समज. त्याने बाख या जुन्या पाश्चात्य संगीतकाराची फ्यूग सुरू केली, एकच चाल आधी वरच्या सुरात, मग मधल्या, मग एकदम जमिनीतून यावी तशी खर्जात आली, आणि माझ्या तोंडून सवयीने "क्या बात है" निघालं. पुढच्या बाकावरच्या आजीने वळून असं बघितलं की विचारू नका, पुढे तासभर मान हलवायची पण भीती. बरं ऑर्गन मागच्या माडीवर, तो दिसतही नव्हता. खर्जातली चाल पायाने वाजवली हे नंतर कळलं. खाली भेटला तेव्हा माझ्याकडून फक्त "मस्त झालं रे". तो "देव बरें करूं" म्हणाला आणि गर्दीत गेला. लग्नातल्या जेवणाबद्दल बोलतो तसं बोललो मी! आता त्याला नीट लिहून पाठवायचंय. काय लिहू?

म्हापसेकर
आजीचं चुकलं नाही हो 😄 आपल्याकडे सम आली की दाद, तिथे तुकडा संपून छतातला शेवटचा सूर विरला की मग टाळ्या. त्यात मोठ्या रचनेचे दोनतीन भाग असतात, मधे थांबले की संपलं असं वाटतं, मी एकदा एकटाच टाळ्या वाजवून बसलोय.

बोरीकर
पेटीवाले आहात तर पेटीवाल्यासारखं लिहा ना. आमच्या बोरीचे तुळशीदास बोरकर, २०१६ चे पद्मश्री, पेटी कशी गाते ते त्यांनी दाखवलं, आपण निदान कान तरी लावू. आपल्या पेटीत खर्ज, नर, मादी असे सूर असतात ना, तसंच ऑर्गनचे स्टॉप, म्हणजे कुठले पाइप वाजायचे ते निवडायच्या खुंट्या. ८ फूट म्हणजे नेहमीचा सूर, ४ फूट एक सप्तक वर, १६ फूट एक सप्तक खाली, हे फूट मुळात पाइपच्या लांबीवरून आले. संगीत नाटकातल्या ऑर्गनला पाय भाता मारण्यात अडकलेले असायचे, इथे पायाखाली अख्खी वेगळी पट्टी, साधारण ३० ते ३२ सुरांची. आणि खरी गंमत अशी की पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू, सूर तेवढाच मोठा. पेटीत आपण भात्यावर जोर देऊन भाव आणतो, ती सोय त्याच्या बोटांना नाही, म्हणून बोट कधी उचललं, दोन सुरांमध्ये किती श्वास सोडला यावर सगळं. मोठ्या चर्चमध्ये आवाज घुमत राहतो, घाई केली की सगळ्याची खिचडी. तुम्हाला चाल तिन्ही वेळा वेगळी ओळखू आली ना? मग तेच लिहा त्याला. "मस्त" काय, पोह्यांनाही म्हणतात.

ताळगावची_मुलगी
मी चर्च क्वायरमध्ये गाते, शेजारणीने ही लिंक पाठवली. ते "क्या बात है" त्याला सांगाच! माडीवर बसणाऱ्याची पाठ असते लोकांकडे, खाली कोणाला काय वाटतंय काही कळत नाही. आणि प्लीज मोबाइलवरचा व्हिडिओ स्टेटसला टाकू नका, १६ फुटी स्टॉपचा सगळ्यात खालचा सूर ३३ हर्ट्झच्या आसपास असतो, फोनच्या स्पीकरमधून तो येतच नाही, मागे राहतं नुसतं पिंपिं.

फोंड्याचा_पेटीवाला
व्हिडिओ टाकला होता, काढला 🙏
बोरीकर, तुमचं वाचून त्याला लिहिलं की चाल खर्जात आली तेव्हा बाक थरथरला आणि माझ्या तोंडून आवाज निघाला, आजीचा किस्सा पण सांगितला. अर्ध्या तासाने त्याचा फोन. म्हणाला, पात्रांव, तो आवाज तुझा होता? मी वर दचकलो, एक पेडल चुकलं. मग पोट धरून हसला आणि म्हणाला पुढच्या वेळी खाली बसूच नको, वर माझ्या बाजूला बस, पानं उलटायला माणूस पाहिजेच आहे. मी हो म्हणून बसलोय आणि मला स्टाफ नोटेशनचं ओ की ठो कळत नाही. महिन्याभरात निदान पान कुठे संपतं एवढं कळेल का? फोंड्यात कोणी शिकवतं का?