‘वी’ हे नाव उशिरा आलं की लवकर?

गावठाण: वोडाफोन आणि आयडिया यांचं विलीनीकरण 31 ऑगस्ट 2018 रोजी पूर्ण झालं. त्या एकत्र कंपनीचं ‘वी’ हे नाव आलं 7 सप्टेंबर 2020 ला. माझं मत स्पष्ट आहे: हे नाव आणायलाच नको होतं. महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये (म्हणजे दूरसंचार परवान्याच्या विभागात) आयडियाची मुळं बिर्ला एटीअँडटीच्या काळापासूनची, तर मुंबई सर्कल मॅक्सटच, ऑरेंज, हच अशी नावं बदलत वोडाफोनवर स्थिरावलेलं. दोन्ही नावं कमावलेली होती. नेटवर्क एक करायचं आणि पाट्या दोन ठेवायच्या, हे सहज जमलं असतं. आणि एकच नाव हवं असेल तर अमेरिकेत टी-मोबाइलने केलं तसं करायचं. 1 एप्रिल 2020 ला स्प्रिंट ही कंपनी घेतली आणि 2 ऑगस्टला तिचं नाव पुसलं. जे नाव दमदार, ते ठेवलं.

टॉवरखालचा: पूर्ण असहमत. ‘दोन पाट्या’ बोलायला सोपं आहे. दोन ब्रँड म्हणजे प्रीपेडचे दोन दरतक्ते, दोन ॲप, रिचार्ज दुकानदाराकडे दोन वेगळे बॅलन्स आणि दोन कमिशन. दुकानदार एकात पैसे अडकवतो, दुसरा रिकामा पडतो आणि गिऱ्हाईक परत जातं. एपीएनसुद्धा, म्हणजे इंटरनेटसाठी फोनमध्ये भरायचं नाव, वेगळे. वोडाफोनचा तीन डब्ल्यूंचा (www), आयडियाचा ‘इंटरनेट’. तक्रार आली की कॉल सेंटरला आधी विचारावं लागतं, सिम कुठलं.

शिवाय खाली नेटवर्क एक होत चाललं होतं. एकाच टॉवरवर दोघांचे अँटेना असतील तर एकाचे उतरवायचे, दोघांचा स्पेक्ट्रम (सिग्नलच्या लहरींचे पट्टे) टॉवरवरच्या उरलेल्या रेडिओ यंत्रांवर घ्यायचा, शेजारच्या टॉवरकडे चालू कॉल सोपवायच्या (हँडओव्हरच्या) याद्या नव्याने भरायच्या. हे सर्कलनिहाय चालतं, आणि याद्या चुकल्या की चालत्या गाडीत कॉल तुटतात. तेवढ्या काळात ‘आयडियाला रेंज नाही, वोडाफोनला आहे’ असं लोक म्हणत राहतात, टॉवर एकच असला तरी. ते थांबवायला एक नाव लागतंच.

गावठाण: मग वोडाफोन ठेवायचं होतं. नवीन का?

टॉवरखालचा: विलीनीकरणाच्या वेळी कंपनीतला हिस्सा असा: वोडाफोनच्या ब्रिटिश गटाकडे 45.1 टक्के, आयडियाच्या बिर्लांकडे 26. वोडाफोन हे नाव ब्रिटिश गटाच्या मालकीचं. भागीदारीच्या कंपनीने एका भागीदाराचं नाव कायमचं अंगावर घालायचं म्हणजे वेगळं व्हायची वेळ आली की पुन्हा सगळ्या पाट्या उतरवा.

हिशेबनीस: नावावर सगळं खापर फोडणाऱ्यांसाठी आकडे. विलीनीकरणाच्या वेळी सुमारे 40.8 कोटी ग्राहक होते, सप्टेंबर 2020 च्या तिमाहीअखेर सुमारे 27.2 कोटी. म्हणजे गळती ‘वी’च्या आधीची आहे. त्यातले बरेच 2018 च्या अखेरीस आलेल्या 28 दिवसांच्या 35 रुपयांच्या किमान रिचार्जमुळे गेले. इनकमिंगपुरतं ठेवलेलं दुसरं सिम लोकांनी सोडून दिलं. 2019-20 चा तोटा 73,878 कोटी. पाटीच्या रंगाने हे ना घडलं ना सुधारलं असतं.

गावठाण: हेच तर मी म्हणतोय, अडचण पैशांची होती! एजीआरच्या (सरकारला महसुलातून द्यायच्या शुल्काच्या) थकबाकीसाठी सर्वोच्च न्यायालयाने 10 वर्षांची मुदत दिली 1 सप्टेंबर 2020 ला, 25,000 कोटी उभारायचा संचालक मंडळाचा ठराव 4 तारखेला, आणि नवं नाव 7 ला. ज्या पैशांत टॉवर उभे राहिले असते ते जाहिरातीत गेले.

लंडनकर: ब्रिटनचं उदाहरण इथे जास्त जुळतं. ऑरेंज आणि टी-मोबाइल 2010 मध्ये एकत्र आले, पण ‘ईई’ या नावाने सेवा सुरू झाली 30 ऑक्टोबर 2012 ला. देशातलं पहिलं 4जी घेऊन. नव्या नावाबरोबर नवी वस्तू मिळाली. जुने दोन ब्रँड नव्या ग्राहकांसाठी बंद व्हायला आणखी दोन वर्षं लागली. ‘वी’ बरोबर काय आलं? जुनंच 4जी. ‘वी’चं 5जी मुंबईत यायला मार्च 2025 उजाडला. जिओ-एअरटेलने ऑक्टोबर 2022 मध्येच सुरुवात केली होती. नवी वस्तू येईपर्यंत नावासाठी थांबायचं होतं.

टॉवरखालचा: मुद्दा मान्य. तरी ‘थांबायचं होतं’ याला माझा विरोधच. नाव बदलणं एका रात्रीत संपत नाही. फोनच्या माथ्यावर दिसणारं नाव तीन ठिकाणांहून येऊ शकतं: सिममध्ये लिहिलेलं, नेटवर्कने पाठवलेलं, किंवा फोनच्या स्वतःच्या यादीतलं. सिमवरचं नाव दुरून मेसेज पाठवून बदलता येतं, पण जुन्या सिमवर तो लागू होईलच असं नाही. लागू झाला तरी फोन बंद-चालू केल्याशिवाय बऱ्याचदा दिसत नाही. त्यामुळे जाहिरातीत ‘वी’, फोनवर जुनंच नाव, असे प्रकार होणारच. ही शेपटी लांब असते म्हणूनच सुरुवात लवकर करावी.

शुद्धलेखनप्रेमी: इंग्रजी ‘व्ही’ आणि ‘आय’ जोडून उच्चार मात्र ‘वी’, म्हणजे इंग्रजीतलं ‘आम्ही’. मराठी माणूस ‘व्ही’ म्हणतो आणि वाचताना ‘व्हीआय’. 2022 च्या दुरुस्तीनंतर राज्यात दुकानाची पाटी देवनागरीत, इतर लिपीपेक्षा लहान नको. तिथे रंगाऱ्याने काय लिहायचं?

हिशेबनीस: रंगारी विचारत बसत नाही. ‘वोडाफोन’वर पांढरा हात मारतो आणि खाली लिहितो, ‘सर्व कंपन्यांचे रिचार्ज मिळेल’.