निम्फवर धरलेला ट्राउट कमी प्रतीचा कसा?

खाडीकाठ:
हिमाचलातल्या तीर्थन नदीवरून परतलेल्या एकाने इथे लिहिलंय, "माशी पाण्यावर तरंगली तरच ते फ्लाय फिशिंग. निम्फ बुडवून ट्राउट धरणं म्हणजे आपल्या खाडीत कोळंबी लावून गरवणं." वाचून राहवलं नाही. (माशी म्हणजे गरीवर पिसं-दोरा बांधून केलेली किड्याची नक्कल. निम्फ म्हणजे किड्याचं पाण्यातलं, पंख फुटण्याआधीचं रूप, त्याचीही नक्कल गरीवर बांधतात.) ट्राउट बहुतेक खाणं पाण्याखालीच खातो. मेफ्लाय या किड्याचं निम्फ महिनोन्‌महिने तळाच्या दगडांत असतं, पंख फुटल्यावर जेमतेम एक-दोन दिवस जगतं. मग त्या निम्फची नक्कल हलकी कशी? इंग्लंडात हॅलफर्ड या नामांकित गरवणाऱ्याच्या गोटातले तरंगत्या माशीवर अडून बसले होते, तेव्हा स्क्यूज या दुसऱ्या गरवणाऱ्याने १९१० मध्ये बुडत्या माशीची बाजू मांडली. पुढे नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयरने निम्फसाठी फेझंट पक्ष्याच्या शेपटीची पिसं गरीवर दोऱ्याऐवजी तांब्याच्या तारेने बांधली, वजन तारेतूनच आलं. याला कमी अक्कल लागते?

वरची_माशी:
पोस्ट माझी. ट्राउट वर येऊन माशी उचलतो ते डोळ्यांनी दिसतं, त्यासाठी मी हिमाचलात जातो. निम्फमध्ये ते दिसत नाही. कोळंबीला नावं ठेवायची नव्हती.

दाभोळकाठी:
मग ठेवलीत कशाला? माझे आजोबा जिवंत कोळंबी गरीला अशी ओवायचे की ती पोहत राहायची. भरती फिरताना तांबोशी मासा कुठल्या खडकाआडून निघणार हे त्यांना ठाऊक असायचं. तुमचा ट्राउट इंग्रजांनी आणून सोडलेला. आमचा खडस, म्हणजे महसीर, इथलाच. महाडजवळच्या वाळणकोंडीच्या डोहात देवाचा म्हणून त्याला कुणी हात लावत नाही, इतर डोहांत सुरुंग लावतात. त्यावर धागा काढा ना!

जगबुडी_पार:
आमच्या वाडीखालच्या डोहात लावला होता. सकाळी बोटभर पिल्लंसुद्धा पोटं वर करून तरंगत होती. तक्रार दिली, कागद ठेवून घेतला, पुढे काही नाही.

दाभोळकाठी:
नुसता सुरुंग नाही. खाडीत रसायनाचं पाणी येतं तेव्हा कोळंबीच मरते. गरीला लावणार काय?

वरची_माशी:
धागा ट्राउटचा आहे.

जगबुडी_पार:
मासाच उरला नाही तर वरची माशी आणि खालचं निम्फ घेऊन काय करायचं? शहरात राहून हे कळायचं नाही.

वरची_माशी:
माझं घर खेडमध्येच आहे, उगाच शहर काढू नका. निम्फ कठीण आहे, मानलं. आनंद मात्र वरच्या माशीतच.

खाडीकाठ:
आनंद तुमचा, त्यावर वाद नाही. पण निम्फ प्रवाहाच्याच वेगाने वाहावं लागतं, दोर ताणला की ट्राउट तोंड फिरवतो, आणि तो टिपतो ते दोराच्या टोकाच्या जराशा थांबण्यावरून ओळखायचं असतं. कठीण मानलंत ना? मग कोळंबीची ओळ पोस्टमधून काढा.

दाभोळकाठी:
आधी ती काढा.