टीएसआय: १० तासांनी सगळी पिवळी, २० तासांनी स्लँट लाल. कोणतं वाचन धरायचं?

पेप्टोन: ब्लड कल्चरवरून मॅकॉन्की अगारवर फिकट कॉलनी आल्या, त्यातल्या एकीवरून टीएसआय (ट्रिपल शुगर आयर्न, तीन साखरा आणि लोह असलेली अगारची ट्यूब) लावली. १० तासांनी स्लँट (वरचा तिरका पृष्ठभाग) आणि बट (खालचा भाग) दोन्ही पिवळे. २० तासांनी स्लँट लाल, बट पिवळाच, वायू नाही, स्टॅबच्या (वायर खुपसलेल्या जागेच्या) वरच्या टोकाला बारीक काळी रेघ. रंग फक्त वरच कसा उलटला?

अगार_अगार: २० तासांचं वाचन धरा. १८ ते २४ तासांच्या आधी वाचलेली टीएसआय फसवते, कारण त्यात ग्लुकोज फक्त ०.१ टक्का असतं, लॅक्टोज आणि सुक्रोज प्रत्येकी १ टक्का. तुमचा जीवाणू ग्लुकोज तेवढं वापरतो. सुरुवातीला त्याच्या आम्लाने सगळी ट्यूब पिवळी होते. ते संपलं की स्लँटवरचे जीवाणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने माध्यमातल्या पेप्टोनमधली (प्रथिनांच्या तुकड्यांमधली) अमिनो आम्लं जाळायला लागतात. त्यातून अमोनिया सुटतो, पीएच चढतो आणि फिनॉल रेड हे रंगसूचक लाल होतं.

बटमध्ये ऑक्सिजन नाही. ग्लायकोलिसिसमध्ये (ग्लुकोज फोडताना) तयार झालेल्या एनएडीएच या इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या रेणूचं पुन्हा एनएडी करायला पायरुव्हेट (ग्लुकोज फुटून बनणारा पदार्थ) आणि त्यापासून बनणारे पदार्थच वापरावे लागतात. त्यातून लॅक्टिक, फॉर्मिक, सक्सिनिक आम्लं आणि इथेनॉल बनतं. ॲसेटिक आम्लही तयार होतं, त्या वाटेने थोडी जास्तीची एटीपी (पेशीची ऊर्जा) मिळते. ग्लायकोलिसिसमधून एका ग्लुकोजमागे निव्वळ एटीपी मिळतात दोनच, म्हणून साखर झपाट्याने खर्च होते आणि आम्ल साचतं. तिथे पेप्टोनचं विघटन इतकं मंद असतं की २४ तासांत ते आम्ल उदासीन होत नाही. ई. कोलाय लॅक्टोज वापरतो, म्हणजे दसपट साखर हाताशी. म्हणून त्याचा स्लँटही पिवळा राहतो.

पेप्टोन: मग टोपण घट्ट लावलं तर?

अगार_अगार: स्लँट नीट लाल होणार नाही, कारण ती अख्खी क्रिया ऑक्सिजनवर चालते. टोपण सैलच ठेवा. उलट २४ तासांच्या पुढे ट्यूब ठेवली तर लॅक्टोजवाल्यांचा स्लँटही लाल होऊ शकतो.

स्टॅब_सरळ: वायू आणि काळ्या रेघेबद्दल. फॉर्मिक आम्ल फोडून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सोडणारे जीवाणू अगारला भेगा पाडतात. साल्मोनेला टायफी (टायफॉइडचा जीवाणू) वायू करत नाही. त्याचा भाऊबंद पॅराटायफी ए सहसा करतो, पण बहुधा काळा रंग देत नाही. काळं येतं ते थायोसल्फेटमुळे. जीवाणू त्यावर इलेक्ट्रॉन टाकतो, हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि लोहाशी मिळून फेरस सल्फाइड होतं. टायफीत ते थोडंच असतं, तुमच्यासारखं. बट पूर्ण काळा झाला आणि पिवळा झाकला गेला, तरी बट आम्लच धरा.

स्टॅबला लूप नको, सरळ वायरच हवी. लूपने अगार फाटतो, ती फट वायूची भेग वाटते आणि तिच्यातून हवाही आत जाते. कॉलनीच्या मध्यावर हलका स्पर्श पुरे, कारण मॅकॉन्कीवर दबून राहिलेले दुसरे जीवाणू कडेने चिकटून येतात. स्लँट लाल आणि बटही लाल असेल तर तो किण्वन न करणारा (साखरेपासून असं आम्ल न बनवणारा), म्हणजे स्यूडोमोनास वगैरे. तिथे आधी ऑक्सिडेज चाचणी करा.

एवढ्यावर टायफी म्हणून रिपोर्ट मात्र देऊ नका. युरियेज, सिट्रेट, मोटिलिटी या चाचण्या लावा, मग ओ९ आणि व्हीआय (जीवाणूच्या पृष्ठभागावरचे प्रतिजन) ओळखणारे अँटिसेरा. व्हीआय जुळला आणि ओ९ नाही, तर व्हीआयचं आवरण ओ झाकत असतं. सस्पेन्शन उकळत्या पाण्यात तापवा, थंड करा आणि ओ९ पुन्हा बघा.