सत्ता पालटते एका दिवसात, मग माणसं दोन-तीन वर्षांनी का मारली जातात?

कालरेषा (प्रश्न)

फ्रान्स १७८९, रशिया १९१७ आणि इराण १९७९ यांच्या तारखा शेजारीशेजारी मांडल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. पॅरिसचा तुरुंग-किल्ला बास्तीय पडला त्या दिवशी हल्लेखोरांपैकी शंभरेक माणसं गेली. पेट्रोग्राडचा हिवाळी महाल घेताना तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. खरा रक्तपात फ्रान्समध्ये १७९३-९४ चा, रशियात १९१८ नंतरचा, इराणमध्ये १९८१ पासूनचा. 'क्रांती आपलीच लेकरं खाते' या वाक्यावर बहुतेक पुस्तकं विषय संपवतात आणि त्यातून काहीच कळत नाही. ही हिंसा नेमकी कुठल्या यंत्रणेतून वाढते? युद्धामुळे, अन्नटंचाईमुळे की नेत्यांच्या विचारांमुळे? आणि यातून सुटलेली एखादी क्रांती आहे का?

थर्मिडोर

फ्रान्सपुरतं सांगतो. युद्ध हे कारण खरं, पण ते सहसा उलटं सांगितलं जातं. शत्रू दाराशी आला म्हणून दहशत, असा समज आहे. तारखा तसं म्हणत नाहीत.

२० एप्रिल १७९२ ला ऑस्ट्रियाशी युद्ध पुकारलं. सप्टेंबरात प्रशियाचं सैन्य पॅरिसकडे सरकत असताना जमावाने तुरुंगांत घुसून अकराशे ते चौदाशे कैदी मारले. हे भीतीतून झालं आणि सरकारने केलेलं नव्हतं. पुढच्या वर्षीची यंत्रणा उभी राहिली तीच मुळी 'हे पुन्हा रस्त्यावर होऊ नये' या युक्तिवादावर. १० मार्च १७९३ ला क्रांतिकारी न्यायाधिकरण, ६ एप्रिलला सार्वजनिक सुरक्षा समिती (जी पुढे प्रत्यक्षात सरकारच बनली), १७ सप्टेंबरला संशयितांचा कायदा. लोकांना भयंकर व्हावं लागू नये म्हणून आपण भयंकर होऊ, असं क्रांतीचा एक नेता दांतों न्यायाधिकरणाच्या चर्चेत उघड बोलला होता. वर्षभराने त्याच न्यायाधिकरणाने त्याला गिलोटिनवर पाठवलं.

आता शिक्षा बघा. अधिकृत मृत्युदंड साधारण १६,६००. त्यांतले निम्म्याहून जास्त पश्चिमेत, वांदे भागात प्रजासत्ताकाविरुद्ध उठलेल्या राजनिष्ठ बंडाच्या पट्ट्यात. जवळजवळ पाचवा हिस्सा आग्नेयेकडे. पॅरिसचा वाटा सहाव्या हिश्श्याच्या आसपास. उमराव आठ-नऊ टक्केच, बहुसंख्य शेतकरी आणि कारागीर. आणि सर्वांत जास्त शिक्षा डिसेंबर १७९३ आणि जानेवारी १७९४ मधल्या. बंडखोर शहरांपैकी ल्यों ऑक्टोबरातच शरण आलं होतं, तुलों १९ डिसेंबरला परत मिळालं, वांदेची मुख्य फौज २३ डिसेंबरला साव्हनेला संपली. म्हणजे कत्तलीचा कळस विजयानंतरचा आहे. हातात हजारो कैदी, नांतच्या तुरुंगांत टायफस, अन्न अपुरं, आणि 'शस्त्रासह सापडला तर चोवीस तासांत मृत्युदंड' हा १९ मार्च १७९३ चा हुकूम अजून लागू. ओळख पटली की खटला संपला. नांतला सरकारचा प्रतिनिधी कारिये याच्या अमलात लोआर नदीत बुडवलेले लोक तर वरच्या आकड्यात धरलेलेच नाहीत.

पॅरिसमध्ये २२ प्रेरियालचा कायदा (नाव क्रांतीच्या नव्या पंचांगातल्या तारखेवरून) आला १० जून १७९४ ला. आरोपीला वकील नाही, पुरावा पुरेसा वाटला तर साक्षीदार नाहीत, निकाल दोनच: सुटका किंवा मृत्यू. त्याआधीच्या पंधरा महिन्यांत पॅरिसमध्ये साधारण १,२५० शिरच्छेद झाले होते, पुढच्या ४७ दिवसांत १,३७६. मात्र या तुलनेत एक सावधगिरी हवी. त्या वसंतात प्रांतांतली बरीच न्यायाधिकरणं बंद करून खटले पॅरिसला आणले होते, त्यामुळे वाढीतला काही भाग निव्वळ जागाबदलाचा आहे. २६ जूनला फ्ल्यूरूसची लढाई जिंकून परकी आक्रमणाची भीती ओसरली, तरी वेग उतरला नाही. तो थांबला २७ जुलैला, समितीतला प्रमुख नेता रोबेस्पिएर याला अटक झाल्यावर.

जुनी_वही

थर्मिडोर यांचा मुद्दा रशियालाही लागू पडतो, पण तिथे धान्य मध्ये घेतल्याशिवाय हिशेब जुळत नाही.

चेका, म्हणजे नव्या सरकारचे गुप्त पोलीस, स्थापन झाली २० डिसेंबर १९१७ ला. ३० ऑगस्ट १९१८ ला पेट्रोग्राडचा चेकाप्रमुख उरित्स्की मारला गेला, त्याच दिवशी मॉस्कोत लेनिनवर गोळ्या झाडल्या गेल्या. ५ सप्टेंबरला लाल दहशतीचा हुकूम निघाला. ही बाजू सगळ्यांना माहीत असते. गावाकडची कमी सांगितली जाते आणि मेलेल्यांची संख्या तिथे जास्त आहे.

जानेवारी १९१९ पासूनच्या सक्तीच्या धान्यवसुलीत गावाकडे वरकड किती आहे हे आधी बघितलंच जात नसे. सैन्याला आणि शहरांना किती हवं तो आकडा वर ठरायचा, मग प्रांत, जिल्हा, गाव अशी वाटणी. गावाने भरला नाही तर सशस्त्र तुकडी यायची, ओलीस धरायची, बियाणंही उचलायची. बदल्यात द्यायला कापड, रॉकेल, खिळे कारखान्यांतून येतच नव्हते आणि रुबलला किंमत उरली नव्हती. मग शेतकऱ्याने कुठलाही शेतकरी करेल तेच केलं. स्वतःपुरतं पेरलं. पेरा घटला, साठा संपला, आणि १९२१ मध्ये व्होल्गाच्या खोऱ्यात पाऊस चुकला तेव्हा हाताशी काहीच नव्हतं. त्या दुष्काळात साधारण पन्नास लाख माणसं मेली. अमेरिकी मदतसंस्था १९२२ च्या उन्हाळ्यात रोज एक कोटीच्या आसपास लोकांना जेवू घालत होती.

याच वसुलीने १९२०-२१ मध्ये तांबोव प्रांतात शेतकऱ्यांचं मोठं बंड पेटलं, ते मोडायला लाल सैन्याचा सेनानी तुखाचेव्हस्कीने विषारी वायू वापरण्याचा हुकूम काढला. मार्च १९२१ मध्ये पेट्रोग्राडजवळच्या क्रोनश्टाट नौदल तळाचे खलाशी उठले. वसुली बंद करून ठरावीक धान्यकर लावला गेला तोही त्याच महिन्यात. म्हणजे पर्याय माहीत नव्हता असं नाही. तो दोन वर्षं उशिरा स्वीकारला गेला आणि त्या उशिराची किंमत व्होल्गाकाठच्या लोकांनी मोजली.

हे एकाच बाजूचं नव्हतं, हेही लिहिलं पाहिजे. युक्रेनमध्ये १९१८ ते १९२१ दरम्यान ज्यूंची हत्याकांडं झाली, त्यांत हजारोंनी माणसं मारली गेली. त्यांतला मोठा वाटा युक्रेनी राष्ट्रवादी फौजा, लेनिनच्या सरकारविरुद्ध लढणारं श्वेत सैन्य आणि स्थानिक टोळ्यांचा होता.

कौल

दोघांनीही विचारसरणीला फारच स्वस्तात सोडलं. रशियाची संविधान सभा निवडून आली, तिच्यात सत्तेवर असलेला लेनिनचा बोल्शेविक पक्ष अल्पमतात होता, आणि जानेवारी १९१८ मध्ये ती एकाच बैठकीनंतर बंद केली गेली. तेव्हा मोठं यादवी युद्ध पेटलेलं नव्हतं. तो निर्णय होता, नाइलाज नव्हता. कंबोडिया तर आणखी स्पष्ट आहे. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज हे कम्युनिस्ट बंडखोर राजधानी नोम पेन्हमध्ये शिरले. युद्ध जिंकलेलं होतं, तरी काही दिवसांत रुग्णालयातल्या रुग्णांसकट सगळं शहर रिकामं केलं. चार वर्षांच्या आत पंधरा ते वीस लाख लोक गेले. पैसा रद्द, बाजार रद्द, खाजगी चूल रद्द, हे कुणी बाहेरून लादलं नव्हतं.

कालरेषा

कंबोडियाचा मुद्दा मान्य. मग इराणमध्ये दोन वर्षांचं अंतर का पडलं?

आबान

अंतर पडलं कारण शस्त्रं वाटली गेली होती आणि ती कोणाची हे ठरायचं बाकी होतं. ९ ते ११ फेब्रुवारी १९७९ या तीन दिवसांत तेहरानमधली शस्त्रागारं लुटली गेली आणि ११ तारखेला लष्कराने तटस्थता जाहीर केली. त्या क्षणी मशिदींच्या समित्या, मुजाहिदीन-ए-खल्क व फेदायीन हे डावीकडचे सशस्त्र गट आणि सीमेवरचे कुर्द गट, सगळ्यांकडे बंदुका होत्या. १५ फेब्रुवारीच्या रात्री तेहरानमधल्या रेफाह शाळेच्या गच्चीवर पदच्युत राजा शहा याच्या चार सेनापतींना गोळ्या घातल्या. खटला काही तासांचा. हंगामी पंतप्रधान बझारगान निषेध करत राहिले, पण न्यायालयं आणि समित्या त्यांच्या हाताखाली नव्हत्याच. माझ्या मते इराणचं सगळं पुढचं या एका गोष्टीत आहे: सरकार एकीकडे, आणि अटक करणारे, खटला चालवणारे, गोळी घालणारे दुसरीकडे. मे १९७९ मध्ये पासदारान, म्हणजे क्रांतिरक्षक दल, स्थापून दुसऱ्या बाजूला कायमचं सैन्य मिळालं.

जून १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बनीसद्र यांना हटवलं, २० जूनला मुजाहिदीनच्या मोर्चावर गोळीबार झाला, २८ जूनला सत्ताधारी पक्षाच्या कचेरीत स्फोट होऊन पक्षाचे नेते बेहेश्ती यांच्यासह सत्तरहून जास्त लोक मेले. तिथून पुढे हजारोंना देहदंड. इराकशी युद्ध तेव्हा नऊ महिने चालू होतं, त्यामुळे प्रत्येक विरोधक हेर ठरवता येत होता. आणि १९८८ मध्ये, युद्धबंदी स्वीकारल्याबरोबर, आधीच शिक्षा भोगत असलेल्या कैद्यांना पुन्हा समितीपुढे बसवून दोन-चार प्रश्न विचारून हजारोंना फाशी दिलं. लढाई संपताना कत्तल वाढते हे थर्मिडोर यांनी फ्रान्सबद्दल दाखवलेलं इथेही दिसतं.

आकड्यांबद्दल एक. शहाविरुद्धच्या आंदोलनात ६०,००० हुतात्मे झाले असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. क्रांतीनंतरच्या राजवटीच्या शहीद प्रतिष्ठानच्याच नोंदींवरून पुढे निघालेला १९७८-७९ चा आकडा तीन हजारांच्या आतला आहे. क्रांतीपूर्वीचे मृत्यू फुगवले जातात आणि नंतरचे दडवले जातात, म्हणून दोन्हींची तुलना करताना आधी नोंद कोणी ठेवली ते बघा.

जुनी_वही

सुटलेल्या क्रांतीबद्दल: पोर्तुगाल, २५ एप्रिल १९७४. लिस्बनमध्ये गुप्त पोलिसांनी आपल्या मुख्यालयासमोरच्या गर्दीवर गोळ्या झाडल्या, चार जण मेले. बंड लष्करातल्या कॅप्टनांनीच केलं होतं, त्यामुळे बहुतेक बंदुका बराकीतच राहिल्या. बरोबर एका वर्षाने संविधान सभेची निवडणूक झाली आणि नव्वद टक्क्यांहून जास्त मतदान झालं. नोव्हेंबर १९७५ मध्ये लष्करातच दोन तट पडले, तोही प्रश्न काही तासांत, मोजक्या मृत्यूंवर मिटला.

पण हा हिशेब लिस्बनपुरताच बरा दिसतो. वसाहती घाईने सोडल्या, काही ठिकाणी तर हस्तांतर कोणाकडे करायचं ते नीट ठरण्याआधीच. अंगोलात यादवी २००२ पर्यंत चालली, मोझांबिकमध्ये १९९२ पर्यंत, आणि पूर्व तिमोरमध्ये डिसेंबर १९७५ ला इंडोनेशिया घुसला. कुठलीही क्रांती 'रक्तहीन' म्हणण्याआधी सीमारेषा कुठे आखली ते विचारायला हवं.

थर्मिडोर

फ्रान्सचं शेवटचं एक राहिलं, कारण धाग्यात जमिनीचा विषयच निघाला नाही. नोव्हेंबर १७८९ मध्ये चर्चच्या जमिनी राष्ट्राच्या झाल्या, त्यांच्या तारणावर आसिन्या नोटा निघाल्या. युद्धखर्चासाठी इतक्या छापल्या की १७९६ च्या सुरुवातीला त्यांना दर्शनी किमतीच्या एक टक्काही भाव नव्हता. फेब्रुवारीत छपाईचे साचे पॅरिसच्या चौकात जाहीरपणे मोडून जाळले. नोटा बुडाल्या, पण जमिनी विकत घेतलेले लाखो लोक राहिले. म्हणूनच १८१४ मध्ये बूर्बों राजघराणं परत आलं तेव्हा अठराव्या लुईला आपल्या सनदेत या खरेद्या अबाधित ठेवाव्या लागल्या, आणि ज्या उमरावांच्या जमिनी गेल्या त्यांना १८२५ मध्ये रोख्यांतून भरपाई दिली गेली.